केसरबाईंनंतर गायला कोण बसणार?

पुण्यात मैफलीच्या मध्यंतरात बटाटेवड्याइतकीच चवीने चघळली जाणारी गोष्ट म्हणजे क्रम. कुणाला कुणाच्या आधी बसवलं, कुणानंतर कुणाचं गाणं फिकं पडलं. त्या घोळक्यात एकदा हा प्रश्न टाकून बघा: सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी झाल्यावर लगेच गायला कोण बसेल? उत्तर ठरलेलं. भैरवी झाली की मैफल संपली, उठा, चपला शोधा.

पण एका मैफलीत ती संपलेली नाही. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी थांबते आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या टेक्सासचा एक आंधळा, रस्त्यावर गाणारा गिटारवाला सुरू होतो. त्याचं नाव ब्लाइंड विली जॉन्सन. त्याच्यानंतर बीथोव्हन! ही क्रमवारी कोरलेली आहे सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, आणि त्या तबकड्या बसवल्या आहेत १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर १ आणि २ या अवकाशयानांवर.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातून २७ संगीतरचना निवडल्या. शिवाय ५५ भाषांतले नमस्कार. त्यात मराठीही आहे. सोबत सुई दिली आहे आणि तबकडी मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी फिरवायची, हे आकृत्यांनी सांगितलं आहे. वेष्टणावर आपला पत्ताही आहे: चौदा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणारे मृत तारे, आणि त्यांच्या संदर्भाने सूर्याची जागा. नारायणगावजवळ खोडदला पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना याच जातीच्या ताऱ्यांचे ठोके ऐकतात, म्हणजे पत्ता वाचता येणारी माणसं पुणे जिल्ह्यातही आहेत. व्हॉयेजरची हाक मात्र खोडदला ऐकू येत नाही. ती फार वरच्या वारंवारितेवर येते. व्हॉयेजर १ आता पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे आणि प्रकाशाच्या वेगाने निघालेला त्याचा संदेश इथे पोचायला तेवीस तासांहून जास्त लागतात.

केसरबाई तिथे कशा पोचल्या, हे आपल्याला पटकन पटतं. गोव्यातल्या केरीत जन्म, लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग रामकृष्णबुवा वझे, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक भास्करबुवा बखले, आणि शेवटी वर्षानुवर्षं अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने त्यांचं नाव सुचवलं. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. बाई गेल्या त्यानंतर अकरा दिवसांनी.

पण हा विली कोण?

१८९७ साली टेक्सासात टेम्पल गावाजवळ त्याचा जन्म झाला. पहिली गिटार वडिलांनी सिगारच्या खोक्याची करून दिली म्हणतात. डोळे लहानपणीच गेले. सावत्र आईने भांडणात कॉस्टिकचं पाणी फेकलं ते त्याच्या डोळ्यांत गेलं, अशी हकिगत त्याच्या बायकोने पुढे सांगितली. मग गावोगावच्या चौकांत उभं राहून गायचं, हाच धंदा. त्याचा एकुलता एक फोटो उपलब्ध आहे, त्यात गिटारच्या मानेला पैशांसाठी टिनचा पेला टांगलेला दिसतो. ३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीने त्याचं गाणं पहिल्यांदा मुद्रित केलं. १९३० पर्यंत एकूण तीस बाजू झाल्या. पुढे महामंदीने तबकड्यांचा बाजारच बसवला आणि विली पुन्हा रस्त्यावर.

ब्लूजवाल्यांत त्याची गणना होते, पण काटेकोर बोलायचं तर त्याने ब्लूज गायलाच नाही. बाई, दारू, बेइमानी हे ब्लूजचे विषय त्याला वर्ज्य. तो फक्त देवाची गाणी गायचा. त्या काळच्या काळ्या अमेरिकन समाजात चर्चचं गाणं आणि गुत्त्यातलं गाणं यांच्यात अभंग आणि बैठकीची लावणी यांच्याइतकीच भिंत होती. विलीने शब्द देवळातले ठेवले आणि हात गुत्त्यातला. माझ्या मते त्याच्या गाण्यातली सगळी आग या भांडणातून येते.

त्या हाताचं रहस्य समजून घेण्यासारखं आहे. गिटारच्या दांडीवर सतारीसारखेच पडदे असतात, पण सतारीत तार बाजूला ओढून सात-आठ श्रुतींचा प्रवास करता येतो, तेवढी मोकळीक गिटार देत नाही. पडदे बारा स्वरांचे, दोन पडद्यांमध्ये काय दडलंय ते विचारायचं नाही. विलीने तार पडद्यावर दाबणंच सोडून दिलं. त्याने तारेवर एक कडक वस्तू नुसती टेकवली. कुणी म्हणतं खिशातली सुरी, कुणी म्हणतं बाटलीची मान. आता तार तिथपर्यंतच थरथरते. वस्तू सरकवा, थरथरणारी लांबी बदलते, स्वर बदलतो, मध्ये कुठेही पायरी लागत नाही. आपली विचित्रवीणा हेच करते, काचेच्या गोळ्याने.

घरात गिटार असेल तर करून बघा. सर्वांत जाड तार सा धरा. चौथ्या पडद्यावर शुद्ध गंधार, तिसऱ्यावर कोमल. सुरीची बोथट पाठ तारेवर ठेवा, पडद्याच्या मागे न ठेवता बरोबर वर. जोर दिलात तर पडद्यांवर आपटून खडखड होईल, हलका ठेवलात तर सूर फाटेल. सुरीच्या मागच्या बाजूला एक बोट तारेवर अलगद टेकवा, किणकिण थांबते. आता तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या जागेत हळूहळू फिरा. एका जागी गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध असा लागतो आणि काळजात कळ येते. ब्लूजची ओळख म्हणतात ती हीच जागा. आपल्या कानांना ती परकी वाटत नाही, कारण पेटीच्या पट्ट्यांमधल्या जागा शोधणारे गवई ऐकतच आपण मोठे झालो.

आणखी एक गंमत. व्हॉयेजरच्या तबकडीवरची रचना वाजवताना विलीने गिटारच्या सहा तारा नेहमीसारख्या न लावता जाड तारेकडून बारीक तारेकडे सा-प-सा-ग-प-सा अशा लावल्या. नुसता हात फिरवला तरी षड्ज-पंचम भरून राहतात. आपण तानपुऱ्याकडून मागतो तेच.

तबकडीवर घेतलेल्या त्याच्या रचनेचं नाव 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. नाव आलं अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी ख्रिस्ती भजनातून, क्रुसावर जाण्याआधीच्या येशूच्या रात्रीबद्दलच्या. पण विली त्यातला एक शब्दही उच्चारत नाही. सव्वातीन मिनिटं नुसता हुंकार, कण्हणं आणि गिटार. आवाज अर्ध्यावर सोडतो, तार वाक्य पुरं करते. कधी तार आधी जाते आणि आवाज तिच्या मागून.

ही पद्धत त्याने चर्चमधून उचलली. भजनाची पुस्तकं नसत, वाचणारेही थोडे. म्हणून पुढचा माणूस ओळ सांगायचा आणि सगळी सभा ती लांबवून, प्रत्येकजण आपापल्या वळणाने गायची. कीर्तनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलतात, त्याच्या जवळचं हे. विलीच्या तबकडीत सभेला जागा नव्हती, म्हणून टाळकऱ्यांचं काम गिटारने केलं.

तीन मिनिटांचं कुंपण दोघांनाही होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ७८ फेऱ्यांच्या जड, काळ्या तबकड्या अजून सापडतात. त्यांच्या एका बाजूत मावतं ते एवढंच. एकेक राग तासभर उलगडणाऱ्या घराण्यातल्या केसरबाईंना ते जाचलं असणार. विलीला तेवढं पुरलं. चौकातला श्रोता कुठे तासभर थांबतो?

दोघांच्या आयुष्यांत मात्र साम्य शोधायला जाऊ नये. बाई रेडिओला नकार देऊ शकत होत्या, कुठे गायचं ते त्या ठरवत, १९६९ साली पद्मभूषण झाल्या. विलीचं घर १९४५ मध्ये टेक्सासच्या बोमंट गावी जळालं. बायकोच्या सांगण्यानुसार दोघं त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर झोपत राहिले. तो तापला, इस्पितळाने घेतलं नाही, आणि सप्टेंबरात तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण हिवतापाचं आहे. रात्र झाली आणि निजायला जागा नाही, ही विलीच्या वाट्याला अनेकदा आलेली अवस्थाच या रचनेत आहे, असं सेगन म्हणत. त्याच्या कबरीची नेमकी जागा आज कुणाला माहीत नाही.

ती सव्वातीन मिनिटं पृथ्वीवरही फिरत राहिली. राय कूडर या गिटारवाल्याने त्याच सुरावटीवरून १९८४ च्या 'पॅरिस, टेक्सास' चित्रपटाचं संगीत उभं केलं. काही वर्षांनी तोच कूडर काचेची नळी बोटात घालून जयपूरच्या विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेसमोर बसला. त्यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. दोघांपैकी कुणीही तार पडद्यावर दाबत नव्हतं.