रिक्षावाल्याच्या घरातला नऊ नंबर

पुलगाव स्टेशनबाहेर सवारीची वाट पाहत रिक्षावाले उभे असतात. कोल्हापुरातल्या अशाच एका रिक्षाचालकाच्या घरी २००० साली अनिकेत जाधवचा जन्म झाला. कुस्तीच्या या शहराला फुटबॉलचंही तेवढंच वेड. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. अनिकेतने लहानपणीच घर सोडलं आणि पुण्याची क्रीडाप्रबोधिनी गाठली. तिथून तो देशाच्या १७ वर्षांखालील संघात गेला.

६ ऑक्टोबर २०१७ला दिल्लीत भारत प्रथमच फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत उतरला, तेव्हा आघाडीवर अनिकेत होता. अमेरिका, कोलंबिया, घाना. तिन्ही सामने भारताने गमावले. अनिकेतच्या नावावर एकही गोल नव्हता. पण पोराने सब्र सोडला नाही. दोन महिन्यांच्या आतच, आय-लीगमध्ये इंडियन अॅरोजच्या पहिल्या सामन्यात त्याने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, हैदराबाद असे क्लब झाले आणि २०२२मध्ये वरिष्ठ भारतीय संघाची जर्सीही अंगावर आली.

मैदानात बापाचा धंदा कुणी विचारत नाही. मात्र तिथवर पोराला पोचवायला बापाची रिक्षा रोज रस्त्यावर धावावी लागते.