स्वयंसेवी अग्निशमन व आपत्कालीन वैद्यकीय साहाय्य : पालघर व बोईसर–तारापूर परिसर

आग, स्फोट, वायुगळती किंवा तत्सम अपघात घडल्यावर शासकीय बंब व रुग्णवाहिका येईपर्यंत, आणि त्या आल्यानंतर त्यांच्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेनुसार, प्रशिक्षित नागरिकांनी वा कामगारांनी केलेल्या साहाय्यकार्यास ही संज्ञा लावतात. आग आटोक्यात ठेवणे आणि जखमींचे प्राण राखणे ही या कार्याची दोन अंगे होत. ती वेगळी मानली जात असली, तरी प्रत्यक्ष घटनास्थळी एकाच माणसावर दोन्ही जबाबदाऱ्या येतात. हृदयक्रिया थांबून मेंदूस ऑक्सिजन मिळेनासा झाला, तर साधारणपणे ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. एवढ्या अवधीत बाहेरील दल पोहोचणे क्वचितच शक्य असते. म्हणून पहिल्या काही मिनिटांचे काम शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेच येते. तो प्रशिक्षित आहे की केवळ धाडसी आहे, यावर पुष्कळदा मृतांची संख्या अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे नागरिकांचे अग्निशमन पथक स्थापन केले. जर्मनी व अमेरिका या देशांत आजही अग्निशामकांचा मोठा हिस्सा स्वयंसेवकांचा आहे, तर चिलीमध्ये हे काम जवळजवळ सर्वस्वी स्वयंसेवी पथकांकडे आहे. भारतात मात्र गावोगावची स्वतंत्र स्वयंसेवी अग्निशमन पथके रुजली नाहीत. येथे नागरिकांचा सहभाग गृहरक्षक दल (होमगार्ड), नागरी संरक्षण दल आणि कारखान्यांतील कामगारांची पथके अशा तीन वाटांनी आला.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यू पावले; त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गृहरक्षक दलाची स्थापना मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये झाली. नागपूर येथे १९५७ मध्ये सुरू झालेली आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. नागरी संरक्षण अधिनियम १९६८ मध्ये संमत झाला. युद्धकाळापुरती आखलेली या दलाची कार्यकक्षा नंतरच्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनापर्यंत विस्तारली.

परिसराचे वैशिष्ट्य : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पालघर तालुक्यात थोड्याशा अंतरात तीन प्रकारचे धोके एकत्र आले आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारी तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व पुढील दोन २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाल्या. बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत असून तीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. पूर्वेस मुंबई–अहमदाबाद महामार्ग आहे. त्यावरून ज्वालाग्राही व विषारी द्रव्यांची टँकरांतून वाहतूक चालते. कोळवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ, सरावली या गावांची वस्ती वसाहतीच्या लगत आहे. परप्रांतांतून आलेले अनेक कामगारही तेथेच भाड्याच्या खोल्यांत राहतात.

औद्योगिक वसाहतीतील अपघातांची परंपरा दुर्दैवाने दीर्घ आहे. ८ मार्च २०१८ रोजी रात्री एका रासायनिक कारखान्यातील स्फोट व आगीत तीन कामगार मरण पावले. ११ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी कोळवडे येथील एका कारखान्यात स्फोट होऊन किमान सात जणांचा मृत्यू झाला व त्याचा आवाज अनेक किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यात वायूची बाधा होऊन चार कामगार दगावले. अशा प्रसंगांची वेळ, ऋतू वा स्थळ आधी ठरवता येत नाही. मात्र पहिल्या मदतीचे स्वरूप आधी ठरवता येते.

संघटना : भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि घातक रसायनांविषयीचे नियम १९८९ मध्ये आले. या नियमांनी कारखान्याच्या आवारापुरती अंतर्गत योजना आणि आवाराबाहेरील वस्तीसाठी बाह्य योजना अशी विभागणी केली. अंतर्गत योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी व बाह्य योजनेची वर्षातून किमान एकदा घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवरील आपत्ती गटांची तरतूद केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतली.

रासायनिक क्षेत्रांतील कारखाने परस्पर साहाय्य गटही स्थापन करतात. एका कारखान्यातील फेसद्रव्य, श्वसन उपकरणे, रुग्णवाहिका व प्रशिक्षित माणसे दुसऱ्याच्या मदतीस पाठवणे हे त्यांचे मुख्य सूत्र होय. कोणाकडे काय आहे याची यादी आणि जोडनळ्यांच्या मापांतील एकसारखेपणा या दोन साध्या गोष्टींवर अशा गटाचे यश अवलंबून असते. शेजारच्या बंबाची जोडणी आपल्या नळास बसत नसेल, तर करारपत्राचा उपयोग नाही.

अणुवीज केंद्रासाठीची व्यवस्था निराळी आहे. केंद्राभोवती १६ किमी. त्रिज्येचे आणीबाणी-नियोजन क्षेत्र धरले जाते. आवाराबाहेरील उपाययोजना जिल्हा प्रशासन करते. त्यात लोकांस घरात थांबवणे, आयोडीनच्या गोळ्या वाटणे व गरज पडल्यास स्थलांतर करणे यांचा समावेश होतो. नागरी संरक्षणाच्या वर्गीकरणात तारापूरचा समावेश मुंबई व उरण यांच्यासह राज्यातील पहिल्या श्रेणीत आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर जाहीर झालेल्या सरावाच्या वेळी ही श्रेणी सर्वांस ठाऊक झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना ही स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची अलीकडील योजना होय. तीत १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते.

अग्निशमनाचे प्रशिक्षण : इंधन, उष्णता व ऑक्सिजन यांपैकी एक घटक काढून घेतला की आग विझते, हे मूलतत्त्व प्रथम शिकवतात. त्यानंतर आगीचा वर्ग ओळखणे येते. लाकूड, कापड यांच्या आगीवर पाणी चालते. टोल्यूइनसारख्या द्रावकाच्या आगीवर पाण्याचा झोत मारल्यास जळते द्रव्य पसरते, म्हणून तेथे फेस वा कोरडी भुकटी वापरतात. सोडियम धातूवर पाणी पडल्यास हायड्रोजन निर्माण होऊन आग भडकते. तेथे कोरडी वाळू अथवा विशिष्ट भुकटीच वापरावी लागते. टँकरवरील धोकासूचक फलक वाचता येणे हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

घटनास्थळी नेहमी वाऱ्याच्या पाठीकडून जावे, असा नियम आहे. या किनारपट्टीवर त्यास विशेष महत्त्व आहे. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे व रात्री बहुधा उलट दिशेने वारा वाहतो. त्यामुळे दुपारी सुटलेला वायू पूर्वेकडील वस्तीकडे, तर रात्रीचा वायू पश्चिमेकडील गावांकडे जाण्याचा संभव असतो. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे प्रबळ असतात. म्हणून जमाव स्थाने एकाच दिशेस न ठेवता किमान दोन दिशांस ठेवावी लागतात.

बंदिस्त जागेतील बचाव : स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण पाठ आत न जाण्याचा आहे. हवेत सु. २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेल्यास जागा असुरक्षित मानतात. प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास उतरल्यास काही श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो. नायट्रोजनला रंग वा वास नसल्यामुळे आधी कोणतीही सूचना मिळत नाही. टाकीत पडलेल्या सहकाऱ्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. आणि एका अपघाताचे तीन मृत्यू होतात. नाकावर बांधलेल्या ओल्या रुमालाने अथवा साध्या गाळणीच्या मुखवट्याने येथे काहीही साधत नाही, कारण मुळात ऑक्सिजनच नसतो. स्वयंपूर्ण श्वसन उपकरण, कमरेस बांधलेली दोरी आणि बाहेर उभा असलेला साथीदार यांवाचून प्रवेश निषिद्ध होय. ६ लि. क्षमतेच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सु. १,८०० लि. हवा मावते. मिनिटास ४० लि. या हिशेबाने ती ४५ मिनिटे पुरावयास हवी. परंतु श्रम व भीती यांमुळे ती त्याहून बरीच लवकर संपते. त्यामुळे परतीसाठी लागणारी हवा आधीच राखून ठेवण्यास शिकवतात.

वैद्यकीय साहाय्याचे प्रशिक्षण : सेंट जॉन अँब्युलन्स व भारतीय रेडक्रॉस या संस्था प्रथमोपचाराचे शिक्षण दीर्घकाळ देत आल्या आहेत. प्रौढाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाब देणे व दर ३० दाबांनंतर २ श्वास देणे ही हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाची पद्धती होय. विषारी वायूची बाधा झालेल्यास तोंडाने श्वास देणे मदतनीसास घातक ठरू शकते; तेथे पिशवीयुक्त मुखवटा वापरतात. भाजलेला भाग वाहत्या पाण्याखाली सु. २० मिनिटे धरावा. त्यावर तूप, शाई वा दंतमंजन लावू नये. अम्ल वा क्षार अंगावर सांडल्यास कपडे उतरवून धुणे त्वरित सुरू करावे.

जखमी अनेक असल्यास त्यांची प्रतवारी करतात. तातडीच्या रुग्णास लाल, थोडा थांबू शकेल अशास पिवळी व चालत्या जखमीस हिरवी खूण देतात. काळी खूण मृताची वा वाचण्याची आशा नसलेल्याची. जो अधिक ओरडतो तो प्रथम नव्हे, हे तत्त्व सरावाविना अंगवळणी पडत नाही. राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या ‘१०८’ सेवेकडे रुग्ण सोपवताना नाव, बाधा करणारे रसायन, बाधेची वेळ व केलेले उपचार सांगणे हे स्वयंसेवकाचे अखेरचे काम. गंभीर भाजलेल्यांस अनेकदा सु. १०० किमी. वरील मुंबईस न्यावे लागते. त्या प्रवासात ही माहिती मोलाची ठरते.

मर्यादा : स्वयंसेवक हा वेतनभोगी दलास पूरक आहे, पर्याय नव्हे. कंत्राटी कामगार वारंवार बदलत असल्याने पथकातील प्रशिक्षित माणसे टिकत नाहीत. सूचना केवळ मराठीत वा इंग्रजीत असल्यास हिंदी, भोजपुरी वा उडिया बोलणाऱ्यांपर्यंत त्या पोहोचत नाहीत. रंगीत तालीम पूर्वसूचना देऊन, दिवसाच्या पाळीत व व्यवस्थापकांच्या उपस्थितीत झाली, तर तिच्यातून रात्रपाळीची तयारी कळत नाही. कमी-अधिक होणारा भोंगा म्हणजे धोका व एकसारखा भोंगा म्हणजे धोका टळला, हा नागरी संरक्षणातील संकेत कुंपणाबाहेरील कुटुंबांस माहीत नसेल, तर भोंगा ऐकून लोक बघण्यासाठी घटनास्थळाकडेच धावतात. म्हणून पथकाची सिद्धता उपकरणांच्या संख्येवरून न ठरवता, कारखान्यातील सर्वांत नव्या कामगारास आणि कुंपणालगतच्या घरातील माणसास धोक्याच्या वेळी काय करावे हे माहीत आहे की नाही, यावरून ठरवणे योग्य होय.