दिवसाआड धुतले जाणारे रक्त

देवळ्याच्या बसस्टँडवर सकाळच्या नाशिक गाडीला ठरलेल्या वारी तेच दोन-तीन चेहरे दिसतात. हातात कापडी पिशवी, एका हाताची बाही सैल, आणि त्या हाताला गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून तो पोटाशी धरलेला. त्यांतले एक माझे शेजारी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. डॉक्टरांनी त्यांना डायलिसिस सांगितले तेव्हा गल्लीत पहिले वाक्य उमटले, "मशिनवर गेला म्हणजे संपलं." याच धास्तीने आप्पांनी चार महिने काढे पिण्यात घालवले. शेवटी अंग सुजले, आडवे पडले की दम लागू लागला, आणि एका रात्री त्यांना गाडीत घालून न्यावे लागले. त्यानंतर मी हा विषय वाचायला घेतला. मी डॉक्टर नाही. सोबतीला जाऊन चार-चार तास बसलो, टेक्निशियन मंडळींना विचारत राहिलो, पुस्तके मिळवली. त्यातून जे उमगले ते सांगतो.

'मशिनवर गेला म्हणजे संपलं' याला माझे उत्तर एका नावाचे आहे: जयप्रकाश नारायण. २६ जून १९७५ ला त्यांना अटक झाली. चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध असतानाच प्रकृती ढासळली. नोव्हेंबरात सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली होती. ती कशाने, यावर पुढे बराच वाद झाला. त्यात मी शिरत नाही. मुद्दा पुढचा आहे. त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस डायलिसिस सुरू झाल्यावर जवळजवळ चार वर्षे जगला. यंत्राचा खर्च भागवायला लोकवर्गणी झाली. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून नव्वद हजारांचा धनादेश पाठवला, तो जयप्रकाशांनी परत केला. १९७७ ची निवडणूक गाजवून सत्तांतर घडवले तेही डायलिसिसवर असतानाच. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली, श्रद्धांजली वाहून झाली, आणि ते हयात निघाले! ८ ऑक्टोबर १९७९ ला ते पाटण्यात गेले.

आता यंत्र करते काय? निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, कामाचे जवळजवळ सगळे रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. ती थांबली की युरिया, पोटॅशियम, आम्ल आणि पाणी अंगात साचते. यंत्राच्या बाजूला उभी नळकांडी असते, तिला डायलायझर म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. त्यांच्या आतून रक्त वाहते, बाहेरून उलट दिशेने औषधी पाणी. नळ्यांच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की युरियाचा छोटा रेणू पार होतो, पण रक्तातल्या पेशी आणि प्रथिने अडकतात. जिकडे दाट तिकडून विरळाकडे, हा साधा नियम. बाहेरच्या पाण्यात युरिया नाही, म्हणून तो रक्तातून निघून येतो. सोडियम मात्र रक्ताइतकेच ठेवलेले असते, म्हणून ते सगळे धुऊन जात नाही. आमच्या घरी बटाटे चिरून पाण्यात भिजवून ते पाणी फेकतात, आप्पांच्या भाजीसाठी, पोटॅशियम कमी व्हावे म्हणून. तेही एक डायलिसिसच.

अंगात साचलेले पाणी यंत्र दाबाच्या फरकाने ओढून घेते. पोटातून करायचा दुसरा प्रकार आहे, त्यात मात्र कैरीचा न्याय चालतो. फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे पोटाच्या पोकळीत साखरेचे द्रावण सोडतात, ते आतड्यांवरच्या पडद्यातून पाणी आणि घाण ओढते, काही तासांनी काढून टाकतात. हे घरी करता येते, प्रवास वाचतो. पण स्वच्छता तंतोतंत हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो.

हे यंत्र सुचले विलेम कोल्फ या डच डॉक्टरला, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना. सॉसेजला गुंडाळायची सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपावर गुंडाळली आणि १९४३ पासून रुग्णांवर प्रयोग केले. पहिले पंधराएक रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. कोल्फचे यंत्र त्या काळी तात्पुरत्या बिघाडापुरतेच उपयोगी होते, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नरने हातावर टेफ्लॉनची कायमची नळी बसवली. त्याचा पहिला रुग्ण अकरा वर्षे जगला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी नळीही काढून टाकली आणि मनगटाजवळ धमनी व शीर एकमेकींना जोडून दिली. तोच आजचा फिश्चुला. आप्पांच्या हाताला कान लावला तर घरघर ऐकू येते. हा जोड पक्का व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून क्रिएटिनिन चढू लागल्यावरच डॉक्टर तो करून घ्यायला सांगतात. आप्पांनी काढ्यांत घालवलेले महिने हेच होते. पुढचे दोन महिने त्यांना मानेतल्या नळीवर काढावे लागले, आणि एकदा तापाने फणफणले.

आठवड्याचे १६८ तास मूत्रपिंडे चालतात. यंत्र चार-चार तासांच्या तीन पाळ्यांत बारा. आमच्याकडे पैशामुळे वा अंतरामुळे दोनच पाळ्या घेणारे पुष्कळ. शिवाय मूत्रपिंडे रक्त वाढवणारे जे संप्रेरक करतात ते यंत्र करत नाही, त्याचे इंजेक्शन घ्यावे लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते. २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ते मोफत आहे. सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही.

आणखी एक हिशेब मला चकित करून गेला. औषधी पाणी मिनिटाला अर्धा लिटर लागते, म्हणजे एका पाळीला १२० लिटर शुद्ध पाणी, आणि ते गाळताना वाया जाते ते वेगळेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या तालुक्यात केंद्र काढायचे तर आधी पाणी आणि अखंड वीज लागेल, यंत्र नंतर.

आप्पांची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. फळ फुगवायला आम्ही ठिबकमधून ०:०:५० सोडतो, ते पोटॅशच. तेच रक्तात वाढले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून आप्पांना स्वतःच्या बागेतले डाळिंब वर्ज्य. नारळपाणीही. दिवसाला पाणी मोजून, गडूवर खूण करून. आयुष्यभर बाजार समितीच्या काट्यावर कांद्याची वजने पाहिलेला माणूस आता रोज सकाळी स्वतः काट्यावर उभा राहतो. दोन पाळ्यांच्या मध्ये दोन किलोंवर वजन वाढले की समजायचे, पाणी जास्त झाले.

यंदा लक्ष्मीपूजन नेमके त्यांच्या वारीच आले आहे. त्यांनी पहिली पाळी मागून घेतली आहे, म्हणजे दुपारच्या गाडीने निघून दिवेलागणीच्या आत घरी.