सराव-पाठातील चुकलेले उत्तर

प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणात सराव-पाठाला मध्यवर्ती स्थान असावे, याविषयी सहसा दुमत आढळत नाही. अध्यापन-पद्धतीची तत्त्वे व्याख्यानांतून समजतात. परंतु ती अंगी बाणली की नाही याची परीक्षा वर्गातच व्हावयाची. प्रश्न आहे तो या पाठांतून नेमका कशाचा सराव व्हावा हा. छात्राध्यापकाने ठरलेला पाठ ठरल्याप्रमाणे पूर्ण करावा, की मुलाचे उत्तर ऐकून पाठाची दिशा ठरवावी? या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. तथापि पहिलीचे मोजमाप सोपे व दुसरीचे कठीण असल्यामुळे प्रशिक्षणाचा भर पहिलीकडे झुकत जातो. हा कल कसा निर्माण झाला, त्यामुळे काय हरपते आणि तो कसा सावरता येईल, याचा विचार येथे एका साध्या वजाबाकीच्या आधारे करावयाचा आहे.

आपल्या पाठ-टाचणाचा सांगाडा मुख्यतः हर्बार्टच्या पंचपदीवरून आलेला आहे. जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) याने स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती अशा चार अवस्थांत विचारांच्या वाढीचे वर्णन केले होते. पुढे त्सिलर व राइन या त्याच्या अनुयायांनी तिला पाच पायऱ्यांचे रूप दिले आणि पूर्वतयारी, विषय-निरूपण, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन ही मालिका प्रशिक्षण-विद्यालयांत रूढ झाली. या प्रवासात एक सूक्ष्म पण महत्त्वाचा पालट घडला. मूळ विवेचन शिकणाऱ्याच्या मनात काय घडते यासंबंधी होते; टाचणात उतरताना ते शिकविणाऱ्याने क्रमाने काय करावे याचे वेळापत्रक बनले. निरीक्षकालाही मग पायऱ्या घेतल्या की नाहीत, फलक-लेखन नेटके होते की नाही, साधने वेळेवर दाखविली की नाहीत, एवढेच पाहणे सोयीचे झाले.

आता उदाहरण घेऊ. हातच्याच्या वजाबाकीचा पाठ चालू आहे. फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण आहे आणि एका मुलाचे उत्तर ३५ येते. घाईत असलेला छात्राध्यापक 'चूक' म्हणून दुसऱ्या मुलाकडे वळतो, त्याच्याकडून २५ हे उत्तर मिळवितो आणि पुढच्या पायरीवर जातो. टाचणाच्या दृष्टीने पाठात काहीच बिघडलेले नसते. परंतु ३५ हे उत्तर दोन अगदी भिन्न वाटांनी येऊ शकते. एक मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरे मूल दशक सुटा करून बारातून सात वजा करते व पाच मिळविते. मात्र दशकांपैकी एक खर्च झाला हे विसरून पाचातून दोन वजा करते. पहिल्या मुलाला ५२ ही एक अखंड संख्या आहे याचीच जाणीव झालेली नाही. दुसऱ्याला विनिमयाची कल्पना आली आहे, फक्त तिचा हिशेब अपुरा राहिला आहे. पहिल्याला काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या हाती देऊन प्रारंभापासून न्यावे लागेल. दुसऱ्याला गठ्ठा सोडल्यावर किती गठ्ठे उरले, एवढेच विचारणे पुरे. दोघांच्या वहीवर सारखीच फुली पडली, तर दोघांचेही नुकसान होते.

येथे उदाहरणाच्या निवडीचा प्रश्नही उद्भवतो. एककस्थानच्या अंकांतील फरक पाच असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरात लपतात. त्याऐवजी ४३ − १६ हे उदाहरण घातले असते, तर पहिल्या मुलाचे उत्तर ३३ व दुसऱ्याचे ३७ आले असते आणि बरोबर उत्तर २७ यापासून दोघांची वाट कोठे चुकली ते तत्काळ दिसले असते. अध्यापन-पद्धतीचे ज्ञान म्हणतात ते असल्या बारकाव्यांत असते. केवळ गणित येणाऱ्याला त्याची गरज भासत नाही आणि केवळ पायऱ्या पाठ असणाऱ्याला ते सुचत नाही.

मुलांच्या अशा चुका बहुधा नियमबद्ध असतात, हे जॉन सीली ब्राऊन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीच्या अभ्यासातून सविस्तर मांडले. चूक म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे, तर सातत्याने पाळलेला चुकीचा नियम, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी तयार केलेल्या संगणकीय खेळात भावी शिक्षकांनी उत्तरे पाहून मागचा नियम ओळखावयाचा असे.

मराठी शाळेत या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. 'बावन्न' या शब्दात दोन आधी व पन्नास नंतर ऐकू येतात. लिहिताना मात्र पाच आधी लिहावयाचे. 'एकोणतीस' ऐकून मूल ३९ लिहिते, तेव्हा ते ऐकलेल्या 'तीस'शी प्रामाणिकच असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' या धर्तीचे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी अडचण खरी आहे आणि तिची जाण छात्राध्यापकाला असणे अगत्याचे आहे, हे मान्य करावे लागेल.

१९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात उदयास आलेल्या सूक्ष्म-अध्यापनाने एकेका कौशल्याचा अल्पकाळ सराव, प्रत्याभरण व पुनरध्यापन यांची जोड दिली, हा त्याचा मोठा गुण होय. भारतात रूढ झालेल्या छत्तीस मिनिटांच्या चक्रात मात्र विद्यार्थ्यांच्या जागी बहुधा सहाध्यायीच बसतात. प्रश्न विचारण्याची ढब तेथे सुधारते. परंतु बावीस वर्षांचा सहाध्यायी ३५ हे उत्तर मनापासून देऊ शकत नाही. उत्तरामागचा विचार शोधण्याची कसोटी त्यामुळे लागतच नाही.

जॉन ड्यूई याने १९०४ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. वर्ग ताब्यात ठेवण्याच्या दडपणाखाली नवशिक्या शिक्षकाचे लक्ष मुलांच्या बाह्य शिस्तीवर खिळते आणि त्यांच्या मनोव्यापाराकडे पाहण्याची सवय लागतच नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. जपानमधील प्राथमिक शिक्षकांच्या पाठ-अभ्यासाच्या प्रथेत यावर एक व्यवहार्य उपाय सापडतो. तेथील टाचणात शिक्षकाच्या कृतींबरोबर मुलांच्या अपेक्षित प्रतिसादांचाही रकाना असतो, आणि पाठ पाहणारे सहकारी शिक्षकापेक्षा मुलांच्या विचारांची नोंद घेतात.

आपल्याकडे याच दिशेने तीन बदल फारशा खर्चाविना करता येतील. पहिला, पाठ-टाचणात प्रत्येक मुख्य प्रश्नापुढे किमान दोन संभाव्य चुकीची उत्तरे व त्यांची कारणे लिहावीत. दुसरा, पूर्ण वर्गापुढे उभे राहण्यापूर्वी छात्राध्यापकाने दोन-तीन मुलांसमवेत बसून 'हे तू कसे केलेस?' एवढाच प्रश्न विचारण्याचा सराव करावा. तिसरा, निरीक्षणपत्रिकेत पायऱ्यांच्या गुणांबरोबर एका चुकलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, याची नोंद अनिवार्य असावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षक-प्रशिक्षण चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे नेण्याचे ठरविले आहे. त्यामुळे कालावधी वाढेल. परंतु वाढलेल्या कालावधीत जुन्याच टाचणाची संख्या वाढली, तर त्याचा लाभ मुलांपर्यंत पोहोचणार नाही. तिसरीत वजाबाकीचा अर्थ न उमगलेले मूल पुढे भागाकार, अपूर्णांक व दशांश यांत अडखळत राहते आणि अखेरीस गणित आपल्यासाठी नव्हेच, असा समज करून घेते. असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याचे उत्तर एकदा तरी कोणीतरी नीट ऐकले असावे, ही अपेक्षा माफक आहे. ती पुरी करू शकणारा शिक्षक घडविणे, हेच सराव-पाठाचे प्रयोजन होय.