परीक्षकाला काय मिळते?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये लोह-जस्ताने समृद्ध ‘परभणी शक्ती’ ज्वारी आणली. अशा संशोधनावरचा निबंध छापण्याआधी संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे तपासायला धाडतात. हे काम बहुधा फुकट आणि निनावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत छापलेल्या निबंधाला गुण आहेत, दुसऱ्याचा निबंध तपासण्याला नाहीत. मग निबंध पाठवणारे उदंड आणि तपासणारे मोजकेच, यात नवल ते काय! २०१५ मधल्या जैववैद्यकीय संशोधनाविषयीचा एक अंदाज तेच सांगतो: वीस टक्के संशोधकांनी ६९ ते ९४ टक्के परीक्षणे उचलली.

मोबदला दिला तर दर्जा घसरेल, हा आक्षेप ठरलेला. अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकाने सुमारे १,५०० परीक्षकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. वेळेत अहवाल देणाऱ्याला शंभर डॉलर दिल्याने काम लवकर झाले, दर्जा फारसा ढळला नाही. नुसती मुदत सहाऐवजी चार आठवडे केली तरी वेग वाढला, तोही बिनपैशांचा. मराठवाड्यातल्या प्राध्यापकांना परीक्षणाचे निमंत्रणच येत नाही, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. तेव्हा नुसती संख्या मोजून गुण वाटले, तर आधीच ओळखी असलेल्यांचेच फावेल. म्हणून संपादकाने अहवालाला दर्जा द्यावा, पदोन्नतीत तोच धरावा आणि परीक्षकांच्या यादीत अशा जिल्ह्यांतल्या तरुण संशोधकांची नावे आधी घालावीत.