ट्रायकोकोमेसी : एका बुरशी-कुलाच्या वर्गीकरणाची पुनर्रचना

शिळ्या भाकरीवर, लिंबाच्या सालीवर किंवा पावसाळ्यात चामडी वस्तूंवर दिसणारी हिरवट बुरशी बहुधा ॲस्परजिलस अथवा पेनिसिलियम या प्रजातींपैकी असते. १७२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिकेली यांना पहिलीचा बीजाणुधर चर्चमधील तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा भासला, त्यावरून तिचे नामकरण झाले. दुसरीचे नाव कुंचला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लिंक यांनी १८०९ मध्ये दिले. दोन्ही नावे आकारावर आधारलेली आहेत आणि गोंधळाचे मूळही तेथेच आहे.

या बुरशींच्या अलैंगिक अवस्था ड्यूटेरोमायसेटीस या कृत्रिम गटात, तर लैंगिक अवस्था यूरोशियम, टॅलॅरोमायसिस अशा निराळ्या नावांनी धानीकवकांत ठेवल्या जात. एकाच सजीवाला दोन नावे, आणि दोन्ही नियमसंमत! २०११ च्या मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ही द्विनाम पद्धती रद्द केली. त्याच वर्षी हौब्राकेन व सॅमसन यांनी चार जनुकांच्या तुलनेवरून यूरोशिएलीझ गणातील ट्रायकोकोमेसी कुलाचे ॲस्परजिलेसी, थर्मोॲस्केसी आणि मर्यादित अर्थाने ट्रायकोकोमेसी असे विभाजन केले. ॲस्परजिलस व पेनिसिलियम पहिल्या कुलात आल्या. मात्र पेनिसिलियमची बायव्हर्टिसिलियम ही उपप्रजाती, कुंचला तसाच असूनही, टॅलॅरोमायसिसमध्ये, म्हणजे थेट दुसऱ्या कुलात गेली. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे, हे यातून उघड झाले.

हा बदल केवळ नावापुरता नाही. एचआयव्हीबाधितांत प्राणघातक ठरू शकणारी, भारतात मणिपूरमध्ये आढळलेली पेनिसिलियम मार्नेफाय आता टॅलॅरोमायसिस मार्नेफाय आहे, आणि पेनिसिलिओसिस हा रोग टॅलॅरोमायकोसिस झाला आहे. जुन्या नावाने संदर्भ शोधणाऱ्या चिकित्सकाच्या हाती अलीकडचे संशोधन लागणे अवघड होते.

फ्लेमिंग यांच्या १९२८ च्या बुरशीचे भाग्यही असेच फिरले. ती प्रथम पेनिसिलियम रुब्रम समजली गेली, मग नोटॅटम ठरली, पुढे क्रायसोजेनममध्ये विलीन झाली. २०११ मधील जनुकीय अभ्यासानुसार ती पेनिसिलियम रुबेन्स आहे. पाठ्यपुस्तकांतील ‘नोटॅटम’ मात्र सहजी हटत नाही. वर्गात हे नाव सांगताना निदान त्याचा हा इतिहास सोबत सांगणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थी वर्गीकरणाला पाठांतराचाच विषय मानत राहतील.