डॉक्युमेंटेशनमधला दुवा कुठे तुटतो?

पायथनच्या पांडाज या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एखाद्या फंक्शनचं वर्णन वाचताना मध्येच नमपाय या दुसऱ्या लायब्ररीच्या अ‍ॅरेचा उल्लेख येतो. त्यावर क्लिक केलं की आपण थेट नमपायच्या संकेतस्थळावर पोहोचतो. लिहिणाऱ्याने तिथे पत्ता टाकलेलाच नसतो. ‘हा क्लास, त्याचं नाव नमपाय डॉट एनडीअ‍ॅरे’ एवढंच त्याने नोंदवलेलं असतं.

उरलेलं काम स्फिंक्सचं. गेओर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनवलेलं हे साधन २००८मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते आधी सगळ्या फाइली वाचून कोणतं फंक्शन कुठल्या पानावर आहे याची यादी करतं, मग प्रत्येक उल्लेख त्या यादीशी ताडून दुवा जोडतं. त्यामुळे पानं इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाही.

दुसऱ्या प्रकल्पाची यादीही मिळते. स्फिंक्सने बनवलेल्या संकेतस्थळावर ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ ही छोटी फाइल असते. पहिल्या ४ ओळी साध्या मजकुराच्या, पुढचं सगळं झेडलिबने दाबलेलं. दर ओळीत नाव, प्रकार, पत्ता. इंटरस्फिंक्स हे एक्स्टेन्शन ती उतरवून घेतं.

मग दुवे का तुटतात? बहुतेकदा नाव चुकतं म्हणून. कोडमध्ये सवयीने ‘एनपी डॉट एनडीअ‍ॅरे’ लिहितात. पायथनला ते टोपणनाव कळतं, पण यादीत ते नसतं. याहून चिवट भानगड आतल्या नावाची. पांडाजच्या डेटाफ्रेम या क्लासचा कोड राहतो ‘पांडाज डॉट कोअर डॉट फ्रेम’मध्ये, यादीत मात्र तो ‘पांडाज डॉट डेटाफ्रेम’. टाइप हिंट्सवरून आपोआप दुवा बनवणाऱ्या साधनाच्या हाती आतलं नाव लागलं, की शोध फसतो. नमपायने यासाठी सेट-मॉड्यूल नावाचा डेकोरेटर लिहिला. तो फंक्शनवर सार्वजनिक मॉड्यूलचंच नाव लावतो. डॉक्युमेंटेशनमध्ये ठिगळं लावण्यापेक्षा हा उपाय मला सरस वाटतो, कारण एरर मेसेजमध्येही तेच नाव दिसू लागतं.

खरी अडचण म्हणजे यातलं काहीच कानावर येत नाही. पायथनचं नाव सापडलं नाही, तर स्फिंक्स एरवी गप्प राहतं आणि तो शब्द दुव्याविना छापून मोकळं होतं. म्हणून ‘निटपिकी’ हा पर्याय चालू करावा. मग प्रत्येक न सापडलेल्या नावाची सूचना मिळते. सूचनांना चूक मानायला लावणारा पर्याय जोडला, की बिल्डच नापास होतो. जुन्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी सूचनांचा ढीग पडतो. तो एका दमात उपसायला जाऊ नये. आहेत ती नावं ‘निटपिक इग्नोर’मध्ये टाकावीत, नव्यांना दार बंद करावं, आणि सवडीने ती यादी कमी करत जावी.

दुवा लिहिताना नावाआधी टिल्डा लिहिला तर लांबलचक नावाचा शेवटचा भागच दिसतो, दुवा पूर्णच राहतो. उद्गारचिन्ह लिहिलं तर दुवाच होत नाही. फंक्शनच्या स्वतःच्या वर्णनात तेच नाव पुन्हा येतं, तिथे हे उद्गारचिन्ह हटकून वापरावं.